आजोळचा निळा जाळ

आमची मामी सकाळी उठली, की देवाला हात जोडण्याच्या आधी परसात जाऊन गॅसच्या टाकीकडे पाहून येई. टाकीवरचा लोखंडी टोप कमरेइतका वर आला असेल, तर त्या दिवशी घरात पुरणाचा घाट घालायला हरकत नाही. गुडघ्याइतका असेल तर भाकरी-पिठले. आणि वीतभरच असेल तर मामांच्या नावाने दोन शब्द निघत. कारण आदल्या दिवशीचा शेणकाला त्यांनी नीट कालवलेला नसे. आमच्या पुण्याच्या घरी आई पंचांग पाहून स्वयंपाक ठरवी, आजोळी मामी टाकी पाहून ठरवी. लहानपणी मला दुसरी पद्धत अधिक शास्त्रशुद्ध वाटे, आणि आजही वाटते.

हे आजोळ औंढा नागनाथच्या आसपासचे. बारा ज्योतिर्लिंगांतले एक म्हणून औंढा पुष्कळांनी पाहिले असेल. नामदेवांची नरसीही त्याच जिल्ह्यात. आज तो हिंगोली जिल्हा. पण मामांनी टाकी बांधली ती १९८८ साली, आणि तेव्हा तो सगळा मुलूख परभणी जिल्ह्यातच मोडे. हिंगोली वेगळा जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. मुलूख काळ्या जमिनीचा. कापूस, तूर, सोयाबीन आणि अलीकडे जिकडेतिकडे हळद.

टाकीच्या आधीचे मामीचे स्वयंपाकघर मला नीट आठवते. खरे म्हणजे ते दिसत नसे, ऐकू येत असे. दारातून आत पाहिले तर नुसता धूर; त्या धुरातून भाकरी थापल्याचा आवाज, फुंकणीचा आवाज, आणि मधून मधून मामीचा खोकला. उन्हाळ्यात पऱ्हाट्या आणि तुराट्या जळत, पावसाळ्यात ओल धरलेल्या गोवऱ्या. ओली गोवरी पेटवणे म्हणजे काय, हे ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक. मामी तेव्हा तिशीतही नव्हती, पण तिचे डोळे जागरण केलेल्या माणसासारखे सदा लाल असत. मला कळू लागल्यापासून तिचा आवाज खोकल्यासकटच आठवतो. दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत हे मला पुढे समजले.

१९८१-८२ पासून सरकारची राष्ट्रीय बायोगॅस योजना चालू होती, आणि अनुदान मिळते हे कळल्यावर मामांनी खड्डा खणायला घेतला. मी आठ वर्षांचा होतो. विहिरीसारखा गोल खड्डा, आतून विटांचे बांधकाम, एका बाजूला शेणकाला घालायची कुंडी, दुसऱ्या बाजूला मळी बाहेर पडायची कुंडी. लोखंडी टोप शहरातून बैलगाडीत आला, तेव्हा गावातली सगळी पोरे गाडीमागून धावत होती, मीही होतो. पहिल्या भरतीला घरचे शेण पुरेना, म्हणून मामा आळीभर हिंडून शेण मागत होते. ज्या घराने कधी कुणाकडे शेराभर ज्वारी उसनी मागितली नाही, त्या घरचा कर्ता पुरुष शेण मागत फिरतो, याची गावात बरेच दिवस चेष्टा चालली.

मग वाट पाहणे आले. काही आठवड्यांनी टोप हलला. पहिला वायू पेटवायचा नसतो. त्यात हवा मिसळलेली असते, तो सोडून द्यायचा असतो. दुसऱ्या वेळी टोप वर आल्यावर मामांनी शेगडीला काडी लावली आणि काहीच झाले नाही. सगळे हिरमुसले. आजी म्हणाली, “शेणातून कुठं इस्तू निघतो व्हय?” मामीने सहज शेगडीवर हात धरला आणि चटका बसून मागे घेतला. जाळ पेटलाच होता. निळा, बिनधुराचा, आणि दुपारच्या उजेडात डोळ्यांना न दिसणारा. त्या दिवशी पहिला चहा झाला तो मामीने स्वतः घेतला. सासऱ्यांच्या आधी सुनेने चहा घेतल्याचा त्या घरातला तो बहुधा पहिलाच प्रसंग.

शेणातून विस्तव कसा निघतो, हा आजीचा प्रश्न काही वेडगळ नव्हता. इटलीतल्या व्होल्टा नावाच्या शास्त्रज्ञाने १७७६ साली मॅज्योरे सरोवराच्या काठचा चिखल काठीने ढवळून वर येणारे बुडबुडे बाटलीत धरले आणि पेटवून दाखवले, तेव्हा लोकांना असेच आश्चर्य वाटले होते. पाण्याखाली कुजणारा पालापाचोळा जे करतो, तेच टाकीत शेण करते. अट एकच: आत हवा जाता कामा नये. आत काम करणाऱ्या सूक्ष्म जिवांच्या निरनिराळ्या टोळ्या असतात. पहिली टोळी शेणातल्या न पचलेल्या चोथ्याची फोड करते. दुसरी त्याची आम्ले बनवते, म्हणजे सगळे आंबवते. आणि शेवटची टोळी त्या आंबलेल्या मालातून मिथेन वायू काढते. या वायूत मिथेन साधारण ५५ ते ६५ टक्के, बाकी बहुतेक कार्बन डाय-ऑक्साइड. शेणात तितकेच पाणी घालून कालवायचे. ते टाकीत चाळीसेक दिवस राहते. पंचवीस किलो शेणातून सुमारे एक घनमीटर वायू मिळतो, आणि तो साडेतीन किलो लाकडाचे काम करतो.

गोवरी आणि टाकी यांत मोठा फरक आहे तो पुढे. गोवरी जळली की जाळही गेला आणि खतही गेले; हाती राख. टाकीत जाळ मिळतो आणि मळीतले नत्र जवळजवळ जसेच्या तसे शेतात जाते. मामांच्या हळदीला ही मळी घालीत, आणि हळदीचे कंद पाहून चेष्टा करणारे शेजारी पुढे पुढे मळी मागायला येऊ लागले.

यातली शेवटची, मिथेन काढणारी टोळी फार संथ आणि नाजूक असते, हे मी पुस्तकात नव्हे, स्वतःच्या गच्चीवर शिकलो. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या संस्थेने शहरी घरांसाठी एक लहान संयंत्र तयार केले. पाण्याच्या दोन प्लॅस्टिकच्या टाक्या, एकीत दुसरी उपडी. त्याला २००६ साली इंग्लंडचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. डॉ. कर्व्यांचे म्हणणे मोठे मार्मिक आहे. शेण म्हणजे गाईने खाऊन, पचवून, कस काढून घेतलेला माल. मग टाकीला उष्टे का घालता? शिळा भात, पीठ, सडकी फळे, यांत कस शाबूत असतो. म्हणून थोडक्या मालात, तेही लवकर, पुष्कळ वायू मिळतो. मी तसले संयंत्र गच्चीवर बसवले. पहिले दोन महिने आमच्या घरी पाहुण्यांना गच्ची दाखवल्याशिवाय चहा मिळत नसे. मग मुलीच्या वाढदिवसाचा उरलेला सगळा भात, पुऱ्या आणि श्रीखंड मी एकदम आत लोटले. थोडे थोडे घालावे, असे माहितीपत्रकात छापलेले होते. पण मराठीचा प्राध्यापक माहितीपत्रक वाचतो ते शुद्धलेखन तपासायला. आत आम्लच आम्ल झाले, मिथेनवाली टोळी गारद झाली, ज्योत विझली आणि वास सुटला. खालच्या मजल्यावरच्यांनी चार दिवस खिडक्या उघडल्या नाहीत. खाणे बंद करून, थोडी चुन्याची निवळी पाजून ती टाकी पुन्हा माणसात यायला महिना लागला. विरजण मोडले की दुधाला दोष देऊन भागत नाही.

या सगळ्यामुळे मी स्वतःला या विषयातला थोडा जाणकार समजू लागलो होतो. आणि त्याच तोऱ्यात गेल्या वर्षी, २०२४ च्या दिवाळीत, आजोळी गेलो.

धनत्रयोदशीच्या दिवशी पोहोचलो. अंगणात मामेभावाच्या मुली शेणाच्या गवळणी करीत होत्या. आमच्याकडे दिवाळीत अंगणात शेणाचे गोकुळ मांडतात. त्या मुलींनी मला सांगितले, की शेण शेजारच्या काकूंकडून आणले आहे. मला ऐकून कसेसेच झाले. ज्या गोठ्यात चार बैल, दोन म्हशी आणि गाय असे, तिथे आता ट्रॅक्टर उभा होता. एक गाय आणि एक म्हैस कडेला बांधलेली. त्यांचे शेण सकाळीच टाकीत गेलेले. परसात गेलो, तर टोप जवळजवळ बुडालेला. त्याच्या कडेला गंजून पडलेली भोके, त्यांतून बुडबुडे. आणि स्वयंपाकघरातून फुंकणीचा आवाज.

सिलिंडर घरात होता. पण भाकरी आणि आंघोळीचे पाणी त्याच्यावर केले, तर तो महिन्यात संपतो. मग तो भरून आणायचा पैसा आणि खेप. म्हणून तो पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला, आणि रोजचा स्वयंपाक पुन्हा पऱ्हाट्यांवर. चुलीपाशी मामीच बसे. सुनेला ती धुरात बसू देत नव्हती. “माझं काय, मला सवय हाय,” असे ती म्हणे. तिचा खोकला परत आला होता. आता पासष्टीच्या घरातला.

रात्री मामांनी आणि मी कंदिलाच्या उजेडात हिशेब मांडला. (वीज होती, गेली होती.) दोन जनावरांचे शेण पंचवीस किलो, म्हणजे एक घनमीटर. घरात माणसे सात. दोन्ही वेळचा स्वयंपाक पूर्ण व्हायला दोन घनमीटर तरी हवा. शेवटी मामा खाली पाहत म्हणाले, “संडास जोडला तर?”

मी गप्प बसलो. खरे सांगायचे तर माझ्याही पोटात कालवले. आणि जरा वेळाने मला स्वतःचीच शरम वाटली. कारण हा सगळा इतिहास मला ठाऊक होता.

आपल्या देशात मैल्याच्या वायूचा पहिला उपयोग झाला तो मुंबईत, १८९७ च्या सुमारास, माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रयगृहात. जगाने टाकून दिलेल्या माणसांच्या टाकून दिलेल्या मैल्यावर तिथे दिवे लागले. हे आश्रयगृह १८९० साली स्थापन करणारे म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲक्वर्थ म्हणजेच शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर मराठी पोवाड्यांचा पहिला मोठा संग्रह काढणारे ॲक्वर्थ. वर्गात पोवाडा शिकवताना मी हे नाव वर्षानुवर्षे घेत आलो. आश्रयगृहाचा भाग मात्र कधी सांगितला नव्हता.

दुसरे नाव अप्पासाहेब पटवर्धनांचे. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात या माणसाने भंगीकाम मागितले. ते नाकारले म्हणून अन्न कमी केले, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी गांधीजींनी येरवड्यात उपवास आरंभला, तेव्हा सरकार हलले. पुढे १९४८ साली कणकवलीला गोपुरी आश्रम काढून अप्पासाहेबांनी संडास, खत आणि वायू यांवर उरलेले आयुष्य घालवले. शेणावरच्या टाकीचा प्रसार त्याच सुमारास चालू होता. तरंगत्या टोपाची रचना जशभाई पटेलांची, आणि १९६० नंतर खादी आयोगाने ती गावोगाव नेली. पण शेणाला आपल्या धर्माची आडकाठी नव्हती, उलट आशीर्वादच होता. अप्पासाहेबांनी हात घातला तो दुसऱ्या, अवघड बाजूला.

त्यांचाच धागा पुढे नेला डॉ. सुहास मापुसकरांनी. १९५९ साली ते देहूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून आले, आणि रोग्यांना औषधे देता देता त्यांच्या ध्यानात आले, की दुखणे पोटात नाही, उघड्यावर आहे. औषधाच्या जोडीला ते संडास बांधून घेऊ लागले. अप्पासाहेबांच्या संयंत्रात सुधारणा करून त्यांनी संडासाला जोडायचे ‘मलप्रभा’ संयंत्र तयार केले. तुकोबांच्या गावात, विठ्ठलाला नैवेद्य दाखवणाऱ्या घरांत, त्या वायूवर स्वयंपाक होऊ लागला. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे सगळे मी आजीपुढे मांडले. आजी अठ्ठ्याऐंशी वर्षांची. ऐकू चांगले येते. न ऐकण्याची कलाही तिला चांगली येते. माझ्याकडे हुकमाचा एक्का होता. नामदेव गुरूच्या शोधात औंढ्याला आले, तेव्हा विसोबा खेचर देवळात पिंडीवर पाय ठेवून निजलेले. आणि नामदेव रागावले तेव्हा विसोबा म्हणाले, देव नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव. आजीने ही कथा लहानपणापासून कीर्तनात ऐकलेली. मी म्हटले, “आजी, आपल्याच गावाशेजारची गोष्ट. मग विटाळ राहिला कुठे?”

आजी म्हणाली, “इसोबानं पाय ठेवले व्हते, सैपाक न्हाई केला.”

वर्गात मला आजवर असे उत्तर कुणी दिलेले नाही.

तिचा दुसरा मुद्दा त्याहून बळकट होता. “आन् ती मळी हळदीला घालणार? हळद देवाला लागती. नवरीला लागती.” यावर मामांनीही मान खाली घातली. हळदीच्या मुलखात हे उत्तर देणे सोपे नाही. शिवाय तिचा संशय शास्त्रालाही अगदीच सोडून नव्हता. मैल्यातले बरेचसे रोगजंतू टाकीत मरतात, पण जंतांची अंडी चिवट; ती मळी ताजी वापरू नये, काडीकचऱ्याबरोबर चांगली कुजवावी, आणि कच्च्या खायच्या भाजीला तर घालूच नये, असे या विषयातले जाणकार सांगतात. आजीने ‘विटाळ’ म्हटले; डॉक्टर दुसरा शब्द वापरील.

विषय तिथेच थांबला. पाडव्याच्या दिवशी मी निघायच्या तयारीत होतो. आजीने मला जवळ बोलावले आणि हळू आवाजात विचारले, “त्या टाकीनं हिचा खोकला जाईल का रं? रातभर आयकू येतो मला.”

मी म्हणालो, जाईलच असे नाही; पण वाढणार नाही.

तिने थोडा वेळ विचार केला आणि अटी सांगितल्या. देवाचा नैवेद्य चुलीवर. तिचा स्वतःचा चहा चुलीवर. मळी हळदीला नाही, कुजवून कापसाला. एवढे मान्य असेल तर काय हवे ते करा. करारनामा इतका स्वच्छ होता, की मामा नुसते “बरं” म्हणाले.

मार्चमध्ये हळद काढून झाल्यावर नवे बांधकाम झाले. तरंगत्या टोपाच्या टाकीत कडेची मळी उघडी राहते, ती संडासाला चांगली नाही. म्हणून विटांचा घुमट असलेली, पूर्ण जमिनीखालची ‘दीनबंधू’ पद्धतीची टाकी घेतली. काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यात घुमट तडकतो. तेव्हा खड्ड्याच्या कडेने मुरूम भरून घेतला. संडासाची नळी वेगळ्या तोंडाने थेट आत. कुणाला हात लावायचे कारण नाही. संडासात फिनेल किंवा अ‍ॅसिड टाकायचे नाही, नाहीतर आतले जीव मरतात. सात माणसांच्या संडासातून वायू मिळतो तो घनमीटरचा पाव हिस्सा, फार नाही. उरलेली तूट थोडीफार भरून काढायला डॉ. कर्वे कामी आले. गावच्या गिरणीत जात्याखाली सांडलेले पीठ मामा रोज डबाभर आणतात. मूठमूठ घालतात, माझी गोष्ट ऐकल्यामुळे. भाजीची देठे, शिळे तुकडे, तेही त्यातच जाते. सगळे मिळून दोन्ही वेळच्या भाकरी आणि एक भाजी होते. आंघोळीचे पाणी होत नाही.

खरी ओढाताण झाली ती मेमध्ये. उन्हाळ्यात टाकी गरम राहते, वायू भरपूर येतो. पण शेणाइतके पाणी लागते, आणि तेव्हाच पाणी नसते. मराठवाड्यात ही टाकी शेणापेक्षा पाण्याने अडते, हे शहरातल्या योजनाकारांच्या सहसा ध्यानात येत नाही. मामीने धुण्या-भांड्यांचे पाणी घालून पाहिले. साबणाने बिघडेल म्हणून सुनेने ते बंद पाडले आणि बाहेर पडणाऱ्या मळीचे वरचे पातळ पाणी पुन्हा कालवायला घेतले. ही युक्ती तिला कुणी शिकवली नव्हती.

माझ्या इमारतीत मात्र गाडी अडलेलीच आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा आपल्या आवारातच जिरवायचा होता. सभेत मी गॅसची गोष्ट काढली, तेव्हा एक गृहस्थ म्हणाले, “सर, वास येईल.” माझ्या गच्चीचा इतिहास त्यांना ठाऊक होता, त्यामुळे मला बसावे लागले.

परवा मामीचा फोन आला होता. नवी टाकी तिला अजून रुचलेली नाही. टोप नाही, त्यामुळे सकाळी उठून पाहायचे काय, हा तिचा प्रश्न. भिंतीवर वायूचा दाब दाखवणारी पाण्याची काचनळी लावली आहे, पण तिच्याकडे पाहून पुरणाचे ठरवता येत नाही, म्हणाली. बोलताना एकदाच खोकली. मी आजीची चौकशी केली. आजी बरी आहे. तिच्या दोन वेळच्या चहासाठी मामी रोज चूल पेटवते, ते करारात आहे. पण पावसाळ्यापासून आजीने दुपारचा चहा सोडला आहे. विचारले तर, आताशा झेपत नाही, असे सांगते.